लेपाच्या वाटीतून पानाच्या डाव्या बाजूला

"आंबेहळद? ती मुक्या मारावर लावतात ना? खायची कशी?" ग्वाल्हेरच्या मराठी घरात पानात आंबेहळदीचं लोणचं वाढलं की पाहुण्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. पहिला घास खाऊन झाला की दुसरा येतो, "आणि इथं मिळते कुठे?"

पहिल्या प्रश्नात चूक काही नाही. आपल्याकडे आंबेहळद पिढ्यान् पिढ्या औषधांच्या डब्यात राहिली, वेखंड आणि मुरुडशेंगेच्या शेजारी. पोर पडलं, गुडघा सुजला की तो दगडासारखा तुकडा सहाणेवर उगाळायचा, पळीत कोमट करायचा आणि लेप घालायचा. पण गुजरातेत थंडी पडली की भाजीवाल्याकडे पिवळ्या ओल्या हळदीशेजारी या फिक्या हळदीचाही ढीग लागतो आणि लिंबू-मिठातलं तिचं लोणचं रोजच्या जेवणात असतं. बंगाली घरात तिला आमआदा म्हणतात आणि चटणीत घालतात. आंध्रात ती मामिडी अल्लम, तमिळनाडूत मांगा इंजी, आणि दोन्हीकडे तिचं लोणचं होतं. औषधाच्या डब्यात ती अडकली ती आपल्याकडेच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की ग्वाल्हेरच्या बाजारात ताजी आंबेहळद सहसा दिसत नाही, तेव्हा ती लावावी लागते. "या लूच्या गावात?" असं कोणी विचारील. हो, याच गावात. मात्र लावायची वेळ साधायला हवी. ती चुकली तर खत, माती, कौतुक सगळं वाया जातं.

१. मूळ नव्हे, खोड

ताजा तुकडा हातात घेऊन उजेडात पाहा. अंगावर जवळजवळ आडव्या कड्या दिसतील. कड्यांना चिकटून कागदासारखे पातळ, तपकिरी पापुद्रे असतात. ती या झाडाची खवल्यांसारखी पानं. नख लावून एखादा पापुद्रा सोलला तर त्याच्या बगलेत मोहरीपासून हरभऱ्यापर्यंत कुठल्याही आकाराचा, टोकदार, किंचित गुलाबीसर किंवा पांढरट फुगवटा सापडतो. तो डोळा. मुळाला ना पानं असतात ना असे डोळे. म्हणजे आपण ज्याला कंद म्हणतो ते जमिनीखाली आडवं वाढणारं खोड आहे, आणि खरी मुळं त्याला खालून लटकलेली असतात. आलं आणि हळद यांचंही तसंच.

हे आधी समजून घ्यायचं कारण व्यवहाराचं आहे. नवं झाड फुटतं ते डोळ्यातून. तुकडा कितीही गुबगुबीत असला आणि डोळा नसला तर त्याची कोशिंबीर करावी, लागवड करू नये.

आलं, हळद, वेलची, कुलिंजन, कचोरा ही सगळी एकाच कुळातली मंडळी. त्यात आंबेहळदीचं हळदीशी नातं सख्खं आणि आल्याशी चुलत. दिसायला मात्र ती आल्यावर गेली आहे. कापली तर आतून फिकी, कडेला पांढरट आणि मध्ये लिंबाच्या सालीसारखी पिवळसर. हळदीचा भडक रंग ज्या कर्क्युमिनमुळे येतो ते हिच्यात फारच थोडं असल्यामुळे बोटं रंगत नाहीत.

तिचं शास्त्रीय नाव कर्क्युमा अमाडा. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी तिचं वर्णन १८१० साली छापलं. त्याच साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या छावणीचं पुढे लष्कर झालं. दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही; पण लष्करात राहणाऱ्यांना झाडाचं साल पाठ करायला सोपं जाईल.

२. वास कैरीचा, चव कैरीची नाही

कैरीचा जो हिरवा, झणझणीत वास असतो, त्यात ओसिमीन आणि मायर्सीन ही भुर्रकन उडून जाणारी सुगंधी द्रव्यं असतात. तीच द्रव्यं आंबेहळदीच्या तेलातही आहेत. आंब्याच्या झाडाशी तिचं काही नातं नसताना वास आंब्याचा येतो तो त्यामुळे.

नवखे लोक इथंच फसतात. वासावरून जीभ आंबटाची वाट पाहते आणि आंबट काही येतच नाही. कैरीचा आंबटपणा आम्लांमुळे असतो, आणि या कंदात नाव घेण्याजोगी आम्लं नाहीत. चव सौम्य आल्याची, किंचित मातकट, शेवटी पुसटशी कडवट. म्हणून देशभरात जिथं जिथं ती खातात तिथं तिथं तिला लिंबू, चिंच, दही किंवा टोमॅटोची जोड देतात. वास तिचा आणि आंबटपणा दुसऱ्याचा असा हा मामला आहे.

त्या उडून जाणाऱ्या द्रव्यांची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. आंबेहळद फोडणीत परतली की कैरीचा वास घरभर पसरेल आणि पातेल्यात उरणार नाही. ती एकतर कच्ची खावी, नाहीतर गॅस बंद केल्यावर घालावी.

३. पंसाऱ्याकडचा तुकडा उगवत नाही

"आमा हल्दी" म्हणून विचारलंत तर जुन्या बाजारातला पंसारी पुडी बांधून देईल. तो तुकडा खडखडीत वाळलेला असतो. त्यातले डोळे मेलेले असतात, त्यामुळे कुंडीत पुरून काही होणार नाही. खाण्यालाही तो नको, कारण वाळलेल्या मालात रानहळद आणि कचोरा यांची सरमिसळ सर्रास असते. चेहऱ्याला लावायच्या पाकीटबंद पावडरीचं तर नावच काढू नका. ती पोटात घेण्यासाठी बनवलेली नसते.

बियाणं ताजं हवं. डिसेंबरपासून मार्चपर्यंत गुजरातेत आणि मुंबई-पुण्याच्या मोठ्या मंडयांत ते मिळतं. तिकडून येणाऱ्या नातेवाइकांना बाकरवडीबरोबर हेही आणायला सांगावं. पाव किलोत काम भागतं. आणलेला तुकडा नखानं खरवडून नाकाशी धरा. कैरीचा स्वच्छ वास आला तर ती आंबेहळद. कापरासारखा वास, आतून गडद पिवळा रंग आणि जिभेवर सणसणीत कडू चव असेल तर ती बहुधा रानहळद. कचोराही कापरासारखाच वास मारतो आणि कडू लागतो, फक्त रंगानं फिका असतो. आणि कापताना दोरे निघाले, जीभ चुरचुरली तर तुम्हाला आलं मिळालं आहे.

४. झाडाचं पंचांग आणि ग्वाल्हेरचं पंचांग

आता मुख्य गोष्ट. या झाडाला सहा-सात महिने ऊब, ओलावा आणि दमट हवा लागते. मग ते पानं टाकतं आणि जमिनीखाली झोपी जातं. कोकणात हा क्रम आपोआप जुळतो. ग्वाल्हेरात मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत हवा कोरडी ठणठणीत असते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पाऊस येतो जूनच्या अखेरीस आणि सप्टेंबरात संपतो. डिसेंबर-जानेवारीत कोहरा आणि ५ अंशांच्या आसपासच्या रात्री.

पाहायला हे प्रतिकूल वाटतं. पण झाड झोपलेलं असतं तेव्हा त्याला थंडीचं सोयरसुतक नसतं आणि उन्हाचंही फारसं नसतं. इकडे चैत्र-वैशाखात नवा गहू आला की आपण वर्षाची कोठी भरतो आणि पुढे बाजाराकडे बघत नाही, तसंच झाड पावसाळ्यात पानांनी बनवलेली साखर पिष्टाच्या रूपात कंदात भरून ठेवतं आणि उरलेलं वर्ष त्यावर काढतं. आपण खातो ती त्याची कोठी. भरायला जितके दिवस मिळतील तितकी ती मोठी.

तेव्हा हिशेब दिवसांचा. पावसाची वाट पाहून २८ जूनला लागवड केली आणि १५ डिसेंबरला थंडीनं पानं पडली असं धरू. मधले दिवस १७०. पिकाला लागतात साधारण २००. महिनाभर कमी पडतो, आणि तो नेमका कोठी भरण्याचा महिना असतो. कंद करंगळीएवढे राहतात आणि लोक म्हणतात, इथली हवा मानवत नाही.

पुढे थंडी रोखता येत नाही, म्हणून सुरुवात अलीकडे ओढायची. कोंब फुटायला तीन-चार आठवडे लागतात आणि त्या काळात झाडाला ऊन लागतच नाही, कारण पानंच नसतात. हे काम घरात करून घ्यावं. मेच्या मध्यावर एका पसरट परातीत किंवा जुन्या माठाच्या तळात ओलसर वाळू किंवा नारळाचा भुसा घाला, त्यावर तुकडे डोळे वर करून ठेवा आणि पुन्हा बोटभर वाळूनं झाका. वाळू मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पाणी निथळू नये.

आता ही परात ठेवायची कुठे? कूलरच्या खोलीत! या दिवसांत कंदाला उष्णतेपेक्षा कोरड्या हवेचा त्रास जास्त. लूमध्ये तो दोन दिवसांत चिरमटतो. कूलरची ओली हवा त्याला अगदी मानवते. बाहेर नौतपा तापत असताना आत कोंब वर येतात, आणि पहिला पाऊस पडेपर्यंत वीतभर रोप तयार असतं. १७० दिवसांत हा महिना मिळवला की २०० पुरे होतात.

५. कुंडी, माती, पाणी

झाड उंचीला कमरेपर्यंत येतं पण कंद आडवा पसरतो, म्हणून कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद हवी. ३५ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल कुंडीत तीन तुकडे पुरे. तुकडा साधारण २५ ग्रॅमचा, त्याला निदान एक जोमदार कोंब. जमिनीत लावणार असाल तर दोन झाडांत वीतभराहून थोडं जास्त अंतर ठेवा आणि वाफा नको, वरंबा घाला.

माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत समसमान, आणि त्यांच्या निम्मी वाळू किंवा नारळाचा भुसा. चुलीची किंवा होळीची राख घालू नका. इतरत्र ती चालते. इथली माती आधीच अल्कलीकडे झुकलेली, त्यात राख म्हणजे भर. बोअरचं पाणी जड असेल तर पानांची टोकं करपतात. पावसात दोन बादल्या गच्चीवर ठेवून त्यांचं पाणी वापरलं तर झाड हसतं. नळाला तिघऱ्याचं पाणी येत असेल तर प्रश्नच नाही.

ग्वाल्हेरच्या जुन्या घरांची गच्ची दगडी पटियांची असते आणि दुपारी ती तव्यासारखी तापते. कुंडी थेट पटियावर ठेवू नका, दोन विटांवर ठेवा. खालून हवाही खेळेल आणि पाणीही अडणार नाही. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली हे सगळ्यांत उत्तम. पपईच्या किंवा शेवग्याच्या बुडाशी जागा असेल तर ती आधी पटकावा. लागवड झाल्यावर मातीवर वाळल्या पाल्याचा जाड थर द्या. ऑगस्टमध्ये कंद वर डोकावू लागले की खताची भर द्या, कारण उघड्यावर आलेला कंद हिरवा पडतो आणि फुगत नाही.

रोगांपैकी भीती एकाचीच, कंदकुजीची. पानं खालून पिवळी पडतात, बुंधा मऊ होतो, ओढला तर अलगद हातात येतो आणि त्याला घाण वास येतो. साचलेल्या पाण्यात हा रोग फोफावतो. त्यावर औषध शोधत बसण्यापेक्षा ते झाड मातीसकट टाकून द्यावं आणि उरलेल्या कुंड्यांची भोकं मोकळी आहेत का ते बघावं. मधला कोंब एकटाच वाळला आणि खोडाला भोक दिसलं तर तो खोडकिडा. तेवढा फुटवा बुडापासून कापला की काम होतं.

किती निघेल? शेतातल्या हळदीत हेक्टरी २ ते २.५ टन बेणं लावून २० ते २५ टन ओली हळद निघते, म्हणजे दहापट. कुंडीत त्याच्या निम्मं धरा. ७५ ग्रॅम लावलं तर साडेतीनशे-चारशे ग्रॅम. एक बरणी लोणचं आणि पुढच्या वर्षाचं बेणं एवढं त्यात होतं.

६. काढणी

नोव्हेंबरच्या शेवटी कडेची पानं पिवळी पडायला लागली की पाणी तोडा. पानं पूर्ण वाळून आडवी झाली की कुंडी पालथी घाला. हळदवाले शेतकरी यातल्या प्रत्येक भागाला वेगळं नाव देतात. मधला जाडजूड तो जेठा गड्डा, त्याच्या अंगाला फुटलेले बगल गड्डे, लांबोडकी बोटं ती हळकुंडं, आणि मुळात लावलेला, आता सुरकुतलेला जुना तुकडा तो सोरा गड्डा. आपणही तशीच वाटणी करावी. जेठे गड्डे बेण्याला, बोटं खायला.

सगळं एकदम काढायची घाई नाही. माती कोरडी ठेवली तर कंद कुंडीतच फेब्रुवारीपर्यंत उत्तम राहतात. लागेल तसा एकेक गड्डा उकरावा.

७. डाव्या बाजूचे पदार्थ

लोणच्यापासून सुरुवात करा. पाव किलो आंबेहळद धुऊन, चमच्याच्या कडेनं साल खरवडून घ्या. सुरीनं सोललीत तर निम्मा वास सालीबरोबर जाईल. पाणी पूर्ण टिपून पातळ चकत्या किंवा काडीपेटीच्या काड्यांएवढे तुकडे करा. मीठ वजनाच्या विसाव्या भागाइतकं, म्हणजे साडेबारा ग्रॅम, सपाट अडीच चहाचे चमचे. दोन मोठ्या रसदार लिंबांचा रस आणि चार हिरव्या मिरच्या चिरून. काचेच्या बरणीत घालून हलवा. तेल नाही, फोडणी नाही. दुसऱ्या दिवशी मिठानं पाणी सुटतं आणि चकत्या त्यात बुडतात. बुडाल्या नाहीत तर अजून अर्धं लिंबू पिळा. फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे कुरकुरीत राहतं. निम्मी ओली पिवळी हळद घातली की रंग सुरेख येतो, फक्त बरणी, चमचा आणि बोटं पिवळी होतात.

त्यानंतर माझी आवड म्हणजे गाजराची कोशिंबीर. इकडची थंडीतली लाल, गोड गाजरं किसा, त्यात चमचाभर किसलेली आंबेहळद, लिंबू, मीठ, दाण्याचं कूट. वरून फोडणी द्यायची असेल तर ती आधी गार होऊ द्या. गाजराचा गोडवा आणि कैरीचा वास ही जोडी एरवी कधी भेटत नाही, कारण गाजरं असतात तेव्हा कैऱ्या नसतात.

ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि बोटभर आंबेहळद वाटून चटणी होते. खोबऱ्याऐवजी भिजवलेली चणाडाळ घेतली तर चैत्रातल्या वाटल्या डाळीची आठवण यावी असा पदार्थ पौषात तयार होतो. लिंबू मात्र सढळ हातानं पिळायचं. ताकात किसून घाला, कढी उतरवल्यावर घाला, पोह्यांवर खोबऱ्याबरोबर भुरभुरवा. आल्याच्या दुप्पट घातली तरी तिखट होत नाही. चहात मात्र घालू नका. दुधात कैरीचा वास कोणालाच आवडलेला मी पाहिलेला नाही.

उपवासाला चालते का, हा वाद त्या त्या घरातल्या ज्येष्ठांनी मिटवावा. हळद म्हटलं तर चालायची नाही, आलं म्हटलं तर चालेल.

८. आणि तो लेप?

लेप टाकाऊ नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००० साली आंबेहळदीच्या अर्काचा उंदरांवर प्रयोग केला आणि सूज कमी होताना दिसली. पण उंदराला दिलेला अर्क आणि सहाणेवर उगाळलेली आंबेहळद यांत अंतर आहे. मुका मार असेल तर कोमट लेपानं बरं वाटतं, तेवढ्यापुरता तो घालावा. जखम उघडी असेल तर घालू नये, आणि पाय टेकवत नसेल तर सहाण बाजूला ठेवून एक्स-रे काढायला जावं. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हळदीच्या कुळातलं काहीही औषध म्हणून रोज घेऊ नये. जेवणात दोन चकत्यांचं लोणचं ही वेगळी गोष्ट.

९. बेणं राखणं आणि वाटणं

होळीनंतर हवा कोरडी व्हायला लागली की कुंडीत उरलेले गड्डे काढून घ्या. मोडलेले, मऊ पडलेले वेगळे करून आधी खाऊन टाका. बाकीचे न धुता, माती झटकून, एक दिवस सावलीत ठेवा आणि मग माठात वाळूचा थर, गड्ड्यांचा थर, पुन्हा वाळू असे भरा. माठ घरातल्या सगळ्यांत गार कोपऱ्यात. पंधरवड्यातून एकदा वरच्या वाळूवर पाण्याचा हलका शिपका मारायचा, तोही वाळू पार कोरडी झाली असेल तरच. फ्रिजमध्ये बेणं ठेवू नये. तिथल्या थंडीत डोळे काळे पडतात.

पण एकाच घरात बेणं ठेवणं धोक्याचं. एक वर्ष कुजलं की पुन्हा बडोद्याच्या पाहुण्याची वाट पाहावी लागते. काढणी होते तेव्हाच संक्रांत येते आणि रथसप्तमीपर्यंत लष्करातल्या घराघरांत हळदीकुंकवं चालू असतात. प्लास्टिकच्या डब्यांचं वाण आता कोणाला हवं आहे? दोन डोळ्यांचा एकेक गड्डा कागदी पुडीत बांधून द्यावा आणि पुडीवर लिहावं: मेपर्यंत ओलसर वाळूत, मेच्या मध्यावर कूलरच्या खोलीत, पहिल्या पावसाला कुंडीत.